सुक्या चिऱ्यातलं पाणी

३ फेब्रुवारी
आले एकदाची रत्नागिरीत! गुहागर सुटलं, पण नोकरी झकास. जांभ्याचे चिरे एमआरआय मशीनमध्ये घालून आतली भोकं बघायची. कुठला चिरा पावसात टिकेल ते त्यावरून ठरतं. आई म्हणाली, दगडाला मेल्याला कसला आलाय आजार! मशीन टेबलाएवढं, तोंड मुठीएवढं. त्याला दिसतं ते फक्त पाणी, सुका चिरा काळाकुट्ट, म्हणून भिजवून घालायचा. चिरे त्या मापाने कापायला राजापूरचे हाशिमभाई आहेत, जिभेने तिखट, मनाने गोड. खोली लागली की मैनाला आणणार. चार वर्षांची पोर आईकडे ठेवून आलेय, जीव सगळा तिकडेच आहे.

६ फेब्रुवारी
मशीन तपासायची पाण्याची बाटली आज माझ्याच हातून फुटली. नवी यायला आठ दिवस. म्हटलं, बोटात पाणी असतंच की! उजवी तर्जनी घातली. सुरेख चित्र आलं, विळीवर कापल्याच्या खुणेसकट. हाशिमभाई कडाडले, अगो बाय, चिऱ्याच्या जागी माणूस घालतात काय! मला हसूच आलं.

१० फेब्रुवारी
तुलनेसाठी भट्टीत वाळवलेला, कोरडा ठणठणीत चिरा घातला. पडद्यावर माझं बोट. तीच खूण. तीनदा पाहिलं. मग बोट घालून पाहिलं. काळं. काहीच नाही.
चहाचा पेला आता बोटाला भाजत नाही.

१३ फेब्रुवारी
मनगटापर्यंत हात बधिर. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. दुपारी मैना फोनवर हमसून हमसून रडली, कधी नेशील म्हणून. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.
फोन ठेवला तर तो चिरा पाझरत होता. हाशिमभाईंनी जिभेला लावून पाहिलं. म्हणाले, खारट आहे.

१५ फेब्रुवारी
हाशिमभाई घण घेऊन आले. मी फोडू दिला नाही — त्यात माझं जे आहे ते — 
ते म्हणाले, मग पोरीला इथे पाऊल टाकू देऊ नकोस. राजापूरला निघून गेले.

१७ फेब्रुवारी
आई मैनाला खोलीवर सोडून गेली. पोर गळ्यात पडली. पोटाशी धरलं. काही नाही.
पडद्यावर चिरा धडधडतोय.

१८ फेब्रुवारी
तिला सोबत आणलंय. का, ठाऊक नाही.
मशीनपाशी उभी आहे. विचारते, मी पण बोट घालू?
ओरडायला हवं. कळतंय मला. चिऱ्याचं पाणी टेबलावरून खाली गळतंय, थांबतच नाही —
तिचा हात पोचत नाही. मी स्टूल सरकवलं, आणि —