जांभळा ठिपका

प्रिय चिंगे,

"तार दोन्ही टोकांकडून जिवंत असते, पोरींनो." अप्पा हे पहिल्यांदा म्हणाले तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस. "मग तिचं डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं?" असं विचारून तू त्यांना हसवलं होतंस. पुढे इंजिनाजवळ एक बॅटरी, मागे हौद्यात फ्रीजसाठी दुसरी आणि मधे चेसिसवरून गेलेली जाड तार. इंजिन चालू असताना दोन्ही भरायच्या. ते बंद झालं की रिलेचा स्विच आपोआप त्यांना वेगळं करणार, म्हणजे मागच्या फ्रीजने कितीही खाल्लं तरी गाडी सुरू व्हायला पुढची शाबूत. एक कमावती, एक खाती, असं अप्पा म्हणायचे. पण खातीलाही कमी समजू नका, तीही आग लावू शकते. म्हणून फ्यूज दोन, प्रत्येक बॅटरीपासून वीतभर अंतरावर.

अप्पांचे हात आता थरथरतात. तरी रोज गॅरेजात येऊन स्टुलावर बसतात आणि मी तार सोलताना नुसत्या आवाजावरून "खोल गेलं ब्लेड" म्हणून टोकतात. मला चष्मा लागला. कमरेचं तर विचारूच नकोस, गाडीखाली शिरते ती सरळ, निघते ती वाकडी. तुझा खण मी कधी आवरला नाही. जांभळ्या नेलपॉलिशची बाटली अजून तिथेच आहे. नट पक्का आवळला की त्यावर तू ठिपका द्यायचीस, म्हणजे नट ढिला होऊन फिरला तर लगेच दिसावं. "बॅटरीचं लग्न आहे का आज?" असं चिडवणारे अप्पाच नंतर गिऱ्हाइकांना सांगायला लागले, जांभळा ठिपका असेल तर डोळे मिटून गाडी न्या.

गुरांच्या डॉक्टरीणबाईंचा ट्रक तुला आठवतोच. लशींसाठी मागे फ्रीज हवा होता. काम तुझ्याकडे होतं, पुढच्या बॅटरीचं सगळं तू केलं होतंस. दुपारी तू माझ्या कानात म्हणालीस, "ताई, दोन तास सांभाळ ना," आणि त्याला भेटायला गेलीस. त्याच्याशी तू पुढे लग्न केलंस, पण तेव्हा अप्पांना त्याचं नावही माहीत नव्हतं. मागचं काम मी केलं. हौद्यातला फ्यूज खोक्यात राहिला, माझ्या हातून राहिला. तू नव्हतीस हे अप्पांना कळू नये म्हणून तुझी बाटली उघडून दोन्हीकडच्या नटांवर मीच ठिपके दिले. तेवढ्यापुरती ती मायाच होती गं.

तीन आठवड्यांनी चेसिसच्या कडेला घासून तार उघडी पडली. पुढचा फ्यूज शहाण्यासारखा उडाला. मागची बॅटरी मात्र उघड्या तारेत वीज ओतत राहिली. हौदा जळला, लशी गेल्या, विझवायला धावलेल्या ड्रायव्हरचा हात भाजला. ट्रक ओढून आणला तेव्हा मागचा एक नट तेवढा काळा झाला नव्हता. त्यावर जांभळा ठिपका होता. अप्पा म्हणाले, "चिंगे, माझ्या गॅरेजात पुन्हा पाना उचलायचा नाही."

तू माझ्याकडे पाहिलंस. किती वेळ पाहिलंस, ते मला नऊ वर्षं मोजता आलेलं नाही. माझ्या हातात पाना होता, स्वच्छ होता, तरी मी तो फडक्याने पुसत राहिले. तू बोलली असतीस तर त्या दुपारी कुठे होतीस हेही सांगावं लागलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तुझं गुपित मी जपत होते असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी त्याच्याआड लपले होते. महिन्याभराने तू लग्न करून गेलीस, गुपित उरलं नाही. तरी मी गप्पच राहिले. गिऱ्हाइकं मला "अप्पांची कामसू मुलगी" म्हणत राहिली आणि मी ऐकून घेत राहिले.

गेल्या मंगळवारी डॉक्टरीणबाई नवा ट्रक घेऊन आल्या, तोच ड्रायव्हर घेऊन. त्याची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. "या वेळी ती धाकटी नाही ना?" असं त्याने हसत विचारलं आणि माझ्याच्याने राहवलं नाही. अप्पांसमोर, त्या दोघांसमोर सगळं सांगून टाकलं. ड्रायव्हरने नुसता हात खिशात घातला. अप्पा स्टुलावरून उठले, तुझ्या खणापाशी गेले, बाटली उघडायला लागले. झाकण निघेना. तेव्हापासून माझ्याशी बोलले नाहीत. फक्त काल जेवताना म्हणाले, "तपासायला ती येईल का, विचार."

म्हणून हे पत्र. काम पूर्ण झालंय. या वेळी फ्यूज दोन्ही आहेत, पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः पाहा. ट्रक सोमवारी जायचाय. एक तास ये. माझ्याशी बोलू नकोस, हवं तर मी बाहेर जाऊन थांबेन. काम पटलं तरच नटांवर ठिपका दे. तू नाही म्हणशील, आणि ते बरोबरच असेल. तरी सोमवारपर्यंत बॉनेट उघडं ठेवते. जुनी बाटली वाळून गेलीय. आलीस तर नवी घेऊन ये.

तुझीच,
ताई