नावाची पट्टी कापलेला रिपोर्ट

सर,

तुमची वही माझ्याकडे आहे. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, त्यातली सात ती माझ्याच कपाटात आहे. साकोलीचं घर सोडताना काकूंनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "रद्दीत टाकाले जीव होत नाई, अन् मले त्यातलं काही समजत नाई. तूच ठेव." मी ठेवली. तेव्हा तिचं काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. आता माझी पीएच.डी. तिच्यावर उभी आहे.

विषय ऐकून तुम्ही हसाल. घरी एक भाषा बोलणाऱ्या आणि कॉलेजात दुसऱ्या भाषेत शिकणाऱ्या मुलांना रिपोर्ट आणि शोधनिबंध लिहायला कसं शिकवावं, हा. मी यंत्रांची माणूस. डिप्लोमा, मग डिग्री, मग भंडाऱ्याच्या एका कॉलेजात नोकरी. तिथे दिसलं की मोहाडीकडून येणाऱ्या माझ्या मुलांना पंप उघडून जोडता येतो, पण त्याबद्दल इंग्रजीत एक पान लिहायचं म्हटलं की हात थांबतो. हे मी आधी पाहिलं होतं. तुमच्याकडे.

तंत्रनिकेतनात तुमच्या विषयाला कोणी मोजत नसे. इंग्रजीचे सर म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्टच्या चुका काढून देणारे सर. तुम्ही तेही करत नव्हता. दुसरे शिक्षक पान लाल करून परत देत, तुमच्याकडून पान जवळजवळ कोरंच यायचं. वाचताना जिथे तुम्ही अडायचात, तिथे समासात पेन्सिलीची एक रेघ. मग त्या मुलाला बोलावून तुम्ही म्हणायचात, "इथं काय म्हणाचं होतं, सांग." तो आपल्या बोलीत सांगायचा, तुम्ही शब्दन् शब्द वहीत उतरवायचात, आणि ते त्याच्यासमोर ठेवून म्हणायचात, "आता हे इंग्रजीत." चुका तरीही व्हायच्या. तुम्ही त्यांना महिनाभर हात लावत नसायचात. आम्हाला वाटायचं, सर कंटाळा करतात.

मी तिसऱ्या वर्षाला होते. प्रोजेक्ट होता धानातली ओल मोजण्याचा: दाणे तोलायचे, ओव्हनमध्ये वाळवायचे, पुन्हा तोलायचे. वजनं मी नीट घेतली होती. लिहायची वेळ आली तेव्हा मात्र एका सीनियरचा जुना रिपोर्ट घेतला, त्याचे आकडे काढले आणि माझे घातले. त्यात आळस नव्हता. छापील इंग्रजी शहाण्या माणसांचं असतं आणि आपण त्यात हात घालून ते बिघडवू नये, असं मला खरंच वाटत होतं. तुम्ही मला घरी बोलावलंत. तुम्ही स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून रिपोर्ट वाचता आहात, काकू भाकरी थापताहेत, मी दाराशी उभी आहे. अठरा पानांत पेन्सिलीची एकही रेघ नाही.

"हे मले सारं समजलं," तुम्ही म्हणालात. "तुले समजलं काय? ओव्हन कायले लावला?"

मी रिपोर्टातलंच इंग्रजी वाक्य म्हणून दाखवलं.

"तुये बाबा मिलमंधी हायेत ना तुमसरले? ते कसे पायतेत, धान वाळला का नाई?"

"दाताखाली दाबून. कट्ट वाजला तं वाळला. पिचला तं ओला."

"अन् मशीन वेगळं सांगत असन तं?"

"बाबा मशीनले शिव्या देतेत."

काकू हसल्या. "तिले चहा तं पिऊ द्या आधी. तोंड पाहा कसं झालं, दोनदा उकडलेल्या धानावानी."

तुम्ही हसला नाहीत. रिपोर्ट मिटून बाजूला ठेवलात आणि शांतपणे म्हणालात, "हे दुसऱ्याचं हाय. मले राग नाई आला. पण तुह्यापाशी सांगाले इतकं असून तू दुसऱ्याचं कायले आणलं?" आवाज चढवला असतात तर मी तो विसरले असते. त्या दुपारी मी तासभर बोलले, बाबांच्या दातापासून ओव्हनच्या तापमानापर्यंत, आणि तुम्ही लिहीत राहिलात. पंधरा दिवसांनी जो रिपोर्ट झाला त्यात व्याकरणाच्या चुका होत्या. दात आणि मशीन यांच्यात फरक का पडतो, याचं कारण मात्र होतं, आणि ते माझं होतं.

वहीत ती सगळी नोंद आहे. पहिला रिपोर्ट, मी बोललेलं, दुसरा रिपोर्ट, सगळं ओळीने चिकटवलेलं. माझं नाव कुठेच नाही. दोन्ही रिपोर्टांवरची नावाची पट्टी तुम्ही कात्रीने कापली आहे आणि शेजारी लिहिलं आहे, "एक विद्यार्थिनी, नक्कल, कारण भीती." बाकी कोणत्याच पानावरची पट्टी कापलेली नाही.

माझ्या वर्गांत मी तीन वर्षं तुमची पद्धत वापरली. लाल शाई मिळालेली मुलं पुढच्या वेळी छोटी, सुरक्षित वाक्यं लिहितात. रेघ मिळालेली मुलं चुकतात, पण 'कारण' हा शब्द वापरू लागतात. मी हे सांगितलं तेव्हा माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "पद्धत उत्तम आहे. संदर्भ काय देणार? वही म्हणजे संदर्भ होतो का? उद्या कोणी आजीची पाककृतीची डायरी आणेल." मग त्यांनी वही चाळली आणि त्या नोंदीवर थांबल्या.

"सगळ्यात भक्कम हीच. ही मुलगी कोण गं?"

"नाव कापलेलं आहे, मॅडम."

"ते दिसतंय मला. तुझ्याच आगेमागे असेल, शोध तिला. असंच घडलं, एवढं तिनं सांगितलं की वही पुरावा झाली आणि पद्धत तुझ्या सरांच्या नावावर. नाही सापडली तर स्वतः विकसित केली म्हणून लिही. तुझंच भलं आहे त्यात."

"शोधते," मी म्हटलं.

याला पाच आठवडे झाले. माझ्या कॉलेजात माझा दबदबा आहे, सर. नक्कल केलेला रिपोर्ट मी दोन ओळींत ओळखते आणि पुढचं न वाचता परत करते. पाटावर बसून कोणाला कारण विचारत नाही. तुमची सगळी पद्धत मी उचलली, तेवढा भाग सोडून.

मॅडमना मी दोनदा सांगितलं की ती मुलगी सापडत नाही. दोन्ही वेळा खोटं सांगितलं. सोमवारी पुन्हा त्यांच्याकडे जायचं आहे. प्रबंधातल्या पद्धतीच्या प्रकरणात मी तुमचं नाव घातलं आहे आणि ते आता काढणार नाही. ते तिथे राहायचं तर मॅडमना काय सांगावं लागेल, हे मला ठाऊक आहे. अजून ते मी कोणालाच सांगितलेलं नाही.