दारातला गुलाबी वेल

रामवाडी, पेण
१२ ऑक्टोबर १९९८

प्रिय सरू,

धाकटीला दात आले का? रोह्याच्या पाण्यानं केस गळतात म्हणालीस, खोबरेल पाठवते. इथे भात पिकायला आलंय, माझे गुडघे तसेच.

खाडीकडच्या वाडीतली मंगळी आठवते ना, दर उन्हाळ्यात करवंदं आणायची? यंदा रिकाम्या हातानं आली. गेल्या आठवड्यात पुन्हा आली आणि एक फांदी पुढे धरली. "बाय, ह्यो कसला येल? आमची समदी जाळी गिळली यानं."

पान बदामी आकाराचं, फुलं गुलाबी, घोसाच्या टोकाला बारीक तणावे. मी चष्मा लावला, फांदी फाटकावरच्या आपल्या वेलाशी धरली. पानाला पान जुळलं, घोसाला घोस. आइसक्रीमचा वेल, सरू. तुला आवडतो म्हणून माझ्या पुंडलिकनं तुमच्या लग्नाच्या वर्षी अलिबागहून आणून लावला, तोच.

तिच्याबरोबर जाऊन पाहून आले. करवंदी कुठली, कुडा कुठला, काही ओळखू येत नाही. वर सगळं गुलाबी, खाली झाडं वाळून कोळसा. वाडीतल्या बायकांनी दोनदा कोयत्यानं कापला, पण जमिनीत गड्डे आहेत, पंधरा दिवसांत पुन्हा फुटतो. तो काढून द्या म्हणून मी सरकारी कचेरीत अर्ज घेऊन गेले, तर तिथला माणूस म्हणाला, फुलं छान आहेत.

वेल तिथे पोचला कसा ते मला ठाऊक आहे. दर वर्षी छाटलेल्या फांद्या बियांसकट मीच ओढ्यात टाकत होते, आणि ओढा खाडीला मिळतो. मंगळीला हे सांगितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. "मग आता काय करायचं, बाय?" एवढंच विचारलं तिनं.

पुंडलिक गेल्यावर तुला मीच हट्टानं दुसऱ्या घरी दिलं. जाताना तू त्याची एकही वस्तू नेली नाहीस, फक्त म्हणालीस, वेलाला पाणी घालत जा. सहा वर्षं घातलं. सरू, काल मी तो खणून काढला. रताळ्याएवढे गड्डे निघाले, चुलीत जाळले. त्यानं मंगळीची जाळी परत येणार नाही, हे मला कळतं. तुला आधी विचारायला हवं होतं. पण तू नको म्हणाली असतीस, आणि मी तेवढंच निमित्त धरून थांबले असते.

तुझीच, अजूनही
आई