पेला वाजेल तोवर

१० जानेवारी १९६८, बुधवार

आज सुट्टी झाली! बावीस दिवस दवाखान्याचे छप्पर पाहून डोळे विटले होते. भाचा मुकुंद सायकलरिक्षा घेऊन आला. लघवी अडवणारी गाठ डॉक्टरांनी कापून काढली, पण रबराची लाल नळी अजून आत आहे आणि तिचे दुसरे टोक काचेच्या बाटलीत. ती बाटली मी तुपाच्या बरणीसारखी मांडीवर धरली आणि बालाघाटचा बाजार पाहत पाहत आलो. हवा चांगली, ऊन चांगले. संत्री घ्यावीशी वाटली, पण घेतली नाहीत. खोकला होईल.

नळी सोमवारी, बावीस तारखेला निघणार. तोवर मोटारीच्या हादऱ्यात बसायचे नाही, असे डॉक्टर म्हणाले. मुकुंद किरनापूरच्या शाळेत कारकून, त्याला रजा नाही. म्हणून वारासिवनी रस्त्याला, धानाच्या गिरणीमागे शेवंताबाईच्या घरी माझी सोय केली. बाई विधवा, पन्नाशीची, एकटी. दवाखान्यातून सुटलेले रोगी ठेवते. मुकुंद एकवीसला, रविवारी येईल.

रोज लघवी किती झाली ते लिहा, असे डॉक्टरांनी सांगितले, म्हणून मुकुंदने ही वही दिली. मी चौथी शिकलेलो, पण अक्षर चांगले आहे. आज दीड बाटली, रंग स्वच्छ. भात आणि लाखोरीची डाळ जेवलो. गिरणी सकाळी आठला सुरू होते, संध्याकाळी सहाला थांबते. धडधडीने खाटसुद्धा हलते. पण झोप लागली.

१२ जानेवारी

नळीच्या तोंडाशी जळजळ. मधूनच पोटात कळ येते आणि नळीच्या बाजूने चार थेंब गळून धोतर भिजते. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर प्रेमलाल म्हणून होता. त्याची नळी काढली आणि रात्रीच लघवी पुन्हा अडली. रडत रडत दुसरी घालून घेतली. माझे तसे झाले तर? सकाळपासून हाच विचार. शेवंताबाईला चार वेळा विचारले. ती हसली आणि म्हणाली, “बाबाजी, काहून घाबरता? नळी काय तुमची बायको आहे का, जन्मभर संगं राहाले?” बाई हुशार आहे, जिभेला धार आहे.

बाटली रिकामी करताना नळी चिमट्याने दाबून धरावी लागते, नाहीतर खाट भिजते. चिमटा माझा स्वतःचा, लोखंडी. परसवाड्याकडे एका खाणठेकेदाराचा दवाखाना होता, तिथल्या वॉर्डात मी जमादार म्हणून वीस वर्षे काढली. नोकरी सुटली तेव्हा चिमटा पिशवीत घालून आणला. बाटली लावली की चिमटा लगेच काढायचा, नाहीतर लघवी आत तुंबते, हे तिला दोनदा बजावले. मग पुन्हा एकदा बजावले.

दीड बाटली.

१४ जानेवारी, संक्रांत

शेवंताबाईने तिळाचे लाडू केले. ती तीळ निवडत बसली होती, मी खाटेवर. बरे वाटत होते म्हणून खाणीच्या दवाखान्यातल्या गमती सांगितल्या.

एक मजूर खाणीत पडून कंबर मोडून आला होता. त्यालाही अशीच नळी. त्याची बायको बाहेर निंबाखाली बसून राही, कारण दुपारी बायांना आत सोडत नसत. हा बेटा पितळी पेला खाटेच्या दांडीवर आपटून मला बोलवायचा. एकदा सगळ्या वॉर्डासमोर त्याने मला एक घाण नाव ठेवले. सगळे रोगी हसले. बाटली बदलायला गेलो, चिमटा लावला आणि तो तसाच ठेवून चहाला निघून गेलो. दुपारभर पेला बडवत होता, मग झाला गप्प! मी बशीत चहा कसा फुंकत बसलो होतो ते तिला करून दाखवले.

कोणत्या साली, असे तिने विचारले. एक्कावन्न साली, असे सांगितले. मग तो बरा झाला का, असे विचारले. मी म्हटले, हो, चालत घरी गेला. तिने हौ म्हटले आणि माझ्या हातावर आणखी एक लाडू ठेवला.

खरे तर तिसऱ्या दिवशी तो तापात गेला. सणाच्या दिवशी ते कशाला सांगायचे?

दीड बाटली.

१५ जानेवारी

गिरणीच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, म्हणून तिने मला जुना पितळी पेला काढून दिला. चिंचेने घासून लखलखीत केलेला. खाटेच्या दांडीवर आपटला की ओसरीत ऐकू जातो, त्याच्या पलीकडे नाही. पेल्यावर नाव कोरले आहे, पण झिजले आहे आणि माझा चष्मा मुकुंदने दुरुस्तीला नेला आहे.

आज बाटली बदलून ती चिमटा काढायला विसरली. चिमटा खाटेच्या पायथ्याशी लावते. तिथवर वाकलो की टाके ताणतात, हात पोचत नाही. पेला वाजवला. तासभर वाजवला तेव्हा आली. पोट ढोलासारखे झाले होते. विसरली म्हणाली, माणूस विसरते.

सव्वा बाटली.

१६ जानेवारी

हुडहुडी भरून ताप. तीन गोधड्या घेतल्या तरी दात वाजतात. लघवी गढूळ, तळाशी साका, वास येतो. वॉर्डात हा वास मी ओळखत असे.

नळी माझ्या मांडीला पट्टीने चिकटवलेली होतीच. आता तिने ती खाटेच्या पायालाही बांधली. चिमटा दोन तास होता. विसरली नव्हती. उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती आणि माझ्याकडे पाहत होती.

रविवार येऊ दे. दवाखान्यात सांगून हिच्याकडे येणारे रोगी बंद करीन. हिची भांडी रस्त्यावर फेकायला लावीन. माझ्या वाटेला गेलेल्याला मी आजवर सोडलेले नाही.

पाऊण बाटली.

१७ जानेवारी

नळी ओढून पाहिली. आत निखारा ठेवल्यासारखे झाले आणि बाटलीत रक्त उतरले. आता उभे राहवत नाही.

चष्म्याविना बारीक दिसत नाही, म्हणून पेल्यावरची अक्षरे नखाने चाचपली. पुन्हा चाचपली. फकिरा पुनाराम.

त्या मजुराच्या खाटेच्या पाटीवर हे नाव मीच लिहिले होते. चांगल्या अक्षरात लिहिले होते. हा पेलाही मीच गाठोड्यात बांधला आणि निंबाखालच्या बाईच्या हातात दिला. तिचे तोंड मी पाहिले नव्हते. कशाला पाहू?

१८ जानेवारी

पेज घेऊन आली. म्हणाली, “घ्या, मुतऱ्या जमादार.”

हे नाव मी तिला सांगितले नव्हते. नाव ठेवले एवढेच सांगितले होते. फकिराने ठेवलेले नाव हेच.

चिमटा दुपारभर. सहाला गिरणी थांबली तसा जीव खाऊन ओरडलो. गिरणीतला भैयालाल मिस्त्री धावत आला. पण तिने त्याआधीच चिमटा काढला होता. बाटली भरत होती. मिस्त्री मलाच रागावला. ताप डोक्यात गेला आहे बुढ्याच्या, एवढं करणाऱ्या बाईले नावं ठेवू नका, म्हणाला. ती पदराने डोळे पुसत उभी.

तो गेल्यावर मी तिच्यापुढे हात जोडले. चहाला गेलो आणि विसरलो, म्हटले. माणूस विसरते, ती म्हणाली. पण तुमी त हासून सांगितलं.

१९ जानेवारी

मुकुंदला पत्र गेले. तिने गिरणीच्या मुनीमाकडून लिहून घेतले. डॉक्टरांनी आठवडा वाढवला, रविवारी येऊ नका, मामा मजेत आहेत. हे तिनेच मला वाचल्यासारखे म्हणून दाखवले. आता रविवार नाही. सोमवार नाही —

लघवी लाल. किती ते लिहवत नाही.

ओसरीतून बोलते. आवाज चढवत नाही. त्या दुपारी निंबाखाली तिला पेला ऐकू येत होता म्हणे. वाजत होता तोवर जीव खालीवर होत होता. शिपायाच्या पाया पडली, आत सोडले नाही. “मंग थांबला. मले वाटलं, झोप लागली त्याले. म्या देवाले हात जोडले, जमादार. झोप दिली म्हणून हात जोडले.”

मला क्षमा — कोणाजवळ मागू —

२० जानेवारी, शनिवार

चिमटा सकाळी आठपासून. गिरणी सुरू झाली आणि तिने लावला. आज काढणार नाही म्हणाली. पेला माझ्या हातात दिला. बोटे मिटवून दिली. जितकं वाजवाचं तितकं वाजवा. थांबला का मग मी येईन, म्हणाली.

येऊन काय करणार, ते विचारले. ती दारात जाऊन बसली.

सहाला गिरणी थांबेल. मिस्त्री ऐकेल. चिमटा त्याला दिसेल. तोवर वाजवत राहायचे. डाव्या हाताने वाजवतो, उजव्याने लिहितो —

पोट फुटते आहे. दुपारचे किती वाजले —

मुकुंदा, ही वही डॉक्टरांना — चिमटा माझाच आहे, तिला म्हणावे —

नाही. काही म्हणू नकोस. मीच —

हात बदलला. अक्षर बिघडले. तोही असाच हात बदलत असेल. मला चहाच्या टपरीवर ऐकू येत होते. सगळे ऐकू येत होते —

दारातून दिसते ती. डोक्यावर पदर. हात मांडीवर, जोडायच्या बेताने —

वाजतो आहे. अजून वाजतो आहे. पेला घामाने ओला —

निसटला. खाटेखाली गेला. ती हात जोड