मागच्या खोलीतलं मिलिंग

२० ऑगस्ट १९७८, रविवार

आलं! आणि दारात अडकलं.

उद्यमनगरातून हातगाडीवर गल्लीपर्यंत आलं तोवर सगळं ठीक होतं. कोपऱ्यावरचे लोक विचारत होते, "अण्णा, तोफ आणली काय?" जरा बरंही वाटलं. मग समोरच्या सयाजीने तालमीतली चार पोरं आणली. सयाजीने कुस्त्या सोडल्या, पण खुराक सोडलेला नाही. सगळ्यांनी मिळून मिलिंग मशीन उचललं, घरातून आरपार नेलं, आणि मागच्या खोलीच्या दारात ते बसलं ते बसलं. पुढे नाही, मागे नाही.

ही हात पुसत बाहेर आली. बघितलं. म्हणाली, "आता दार मोठं करताय का मशीन ल्हान करताय?"

पोरं हसली. मी नाही हसलो. परसात जायची वाट त्याच खोलीतून आहे. आणि संडास परसात!

२१ ऑगस्ट

दोघेही शेजारच्या शालूबाईंच्या घरातून परसात जातो. टमरेल घेऊन त्यांच्या देवघरासमोरून जायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. त्या मात्र खूश. "आला व्हय अण्णा? बसा, च्या टाकलाय." जाताना चहा, येताना चहा. एवढा चहा झाला की पुन्हा जावं लागतं. पुन्हा चहा.

२२ ऑगस्ट

सुटका! ईरप्पा आला. हा आमच्या इंजिनाच्या कारखान्यातला फिटर. मी तिथे स्टोअरमध्ये होतो, दोघे बरोबरच रिटायर झालो. मशीन त्यानेच शोधून दिलं — एका बंद पडलेल्या शेडमध्ये धूळ खात होतं. त्याने पाने लावले, वरचं डोकं सोडवून वेगळं केलं, आणि उरलेलं धड सयाजीने व पोरांनी सहज आत नेलं.

"स्टोरवाले, हे खोलूनच आणायचं असतंय की! मी सांगितलं न्हवतं?"

सांगितलं असेल. मी तेव्हा दोरी तुटली तर कुणाच्या पायावर पडेल याचा विचार करत होतो.

२३ ऑगस्ट

हिने विचारलं, "ह्ये करतंय तरी काय?"

मी नीट समजावलं. वर कटर फिरतो. खाली टेबल. टेबलावरच्या वाईसमध्ये लोखंड पकडायचं, हँडल फिरवून टेबल हळूहळू कटरकडे न्यायचं. पाहिजे तशी खाच पडते.

"म्हंजे विळीच की. पातं जाग्यावर, भाजी हातात."

"अगं, पातं फिरतंय!"

"मग बोटं संभाळा."

रात्रभर बोटं मुठीत धरून झोपलो.

२५ ऑगस्ट

आज हिने अट घातली. खोली तिची होती — सांडगे, पापड, ज्वारीची पोती. तिला तिथे शेवयाचं यंत्र बसवायचं होतं, गल्लीतल्या बायकांसाठी. मी मध्येच हे आणलं.

"खंडेनवमीला यंत्राची पूजा करीन. पण चालत्या. तवर यानं एकतरी खाच पाडली पायजे. न्हाय पाडली, तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला, आन् खोली माझी."

मी म्हटलं, चालेल. म्हटलं खरं.

इथे लिहायला हरकत नाही. चौथीत शाळा सुटली आणि कारखान्यात लागलो तो स्टोअरमध्ये. जाळीच्या आत. समोर मिलिंग चालायचं. लोखंडाचे कुरळे कपचे उडायचे, निळे-सोनेरी. हात लावायला मनाई. नवा कटर जाळीतून द्यायचा, तुटलेला परत घ्यायचा. एकदा मी सहज बाहेर आलो तर फोरमन ओरडला — "ए, तू काऊंटरच्या आत!" बास. एवढंच. एकदा आपल्या हाताने एक खाच पाडायची आहे. सरळ. मग मेलो तरी चालेल. म्हणजे नाही चालणार. पण पाडायची आहे.

३१ ऑगस्ट

ईरप्पाने डोकं परत चढवलं. मग लेव्हल बघितली. काचेच्या नळीत बुडबुडा असतो तो बरोबर मध्ये यावा लागतो. मशीनच्या पायांखाली पत्र्याचे तुकडे घालून घालून शेवटी आला. आता याला हलवू नका म्हणाला. मी खोलीत चालतानासुद्धा हलका पाय टाकतो आहे.

२ सप्टेंबर

बुडबुडा डावीकडे सरकला!!

४ सप्टेंबर

पुन्हा पत्रे घातले, मध्ये आणला. आज पुन्हा डावीकडे. घर खचतं आहे. दुसरं कारण दिसत नाही. भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. सयाजीला बोलावून दाखवली. त्याने खुणेवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे वळला.

"अण्णा, घर खचत न्हाय. तुमीच खचायला लागलाय."

त्याला काय! त्याचं घर दगडी.

६ सप्टेंबर

गणपती बसले. मागच्या खोलीत गेलो तर मशीनवर हिचं ओलं लुगडं वाळत घातलेलं. पावसात दुसरीकडे जागा नाही म्हणे. अख्खी दुपार तेलाच्या फडक्याने पुसत बसलो. आरतीला माझ्या हातांना इंजिनाच्या तेलाचा वास.

८ सप्टेंबर

उलगडा झाला. गणपतीसाठी ही हल्ली दिवसाआड सारवते. दारातून बघितलं — ही शेणाचा हात फिरवत मशीनपर्यंत आली, पायाखालचे पत्रे एकेक ओढून काढले, आणि बाजूला ठेवले!

"अगं, काय करतेस!"

"गंजकं पत्रं घालून ठिवलाय. सारवायला येत न्हाय नीट. मी घासून लख्ख करून ठिवती की."

"कुठे ठेवतेस?"

"स्टो हलत हुता. त्याच्याखाली."

स्वयंपाकघरात जाऊन स्टोवर लेव्हल ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये!

१० सप्टेंबर

तह झाला. स्टोला त्याचे पत्रे, मशीनला नवे. मशीनच्या चारी बाजूंनी वीतभर जागा सारवायची नाही. "मग तिथं मुंग्या झाल्या तर मला सांगू नका." नाही सांगणार.

१३ सप्टेंबर

मोटार लागली. कारखान्यासारखी तीन फेजची लाईट घरात नाही, म्हणून घरच्या लाईटवर चालणारी छोटी. ईरप्पा म्हणाला, दाबा बटण.

असं कसं दाबायचं? पायांत सयाजीचे गमबूट घातले. पायांखाली जेवायचा पाट. बटण बोटाने कशाला, म्हणून लाटणं घेतलं. डोळे मिटले. दाबलं. घुर्रर्र झालं, मी पाटावरून उडी मारून परसात. मागून शालूबाई भिंतीपलीकडून ओरडल्या, "अण्णाऽ, माजा रेडिओ खरखरायला लागला की ओऽ!" आणि आतून ही, "लाटणं आणा आदी, पोळ्या र्‍हायल्यात माझ्या!"

पण फिरलं. कटर फिरला. लाटणं परत द्यायला जाताना मी जरा ऐटीत चाललो. गमबूट घालून जेवढी ऐट जमते तेवढी.

१५ सप्टेंबर

लोखंडाचा चौकोनी तुकडा वाईसमध्ये पकडला. खडूने रेघ मारली. रेघ जरा तिरकी आली. पुसली. पुन्हा मारली. संध्याकाळ झाली.

१७ सप्टेंबर

आजपासून पितृपक्ष! नवं काम सुरू करत नाहीत. मला कोण हलकं वाटलं. दोन वेळा जेवलो.

१९ सप्टेंबर

ईरप्पा आला. म्हणाला, "आमच्यात त्या पंधरवड्याचं तसं काय न्हाय. मी पाडतो एक खाच, तुमी बगा नुस्तं." असं म्हणून हँडलला हात घातला.

"नको!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की ही भाजी टाकून आली.

ईरप्पाने हात काढून घेतला. मग चहा पिताना म्हणाला, "भीती वाटतीय व्हय?" मी म्हटलं, छे! पितर आहेत. तो म्हणाला, "पितर काय मिलिंग शिकवायला येनार हायत व्हय?" त्याला मिलिंगमधलं कळतं, आमच्या पितरांतलं काय कळतं.

२६ सप्टेंबर

मशीनला तेल दिलं.

२७ सप्टेंबर

पुन्हा तेल दिलं. ही म्हणाली, "भजी तळनार हाय का त्यात?"

३ ऑक्टोबर

घट बसले. आता सबब उरली नाही.

खरं लिहितो. तुटलेला कटर म्हणजे काय ते मला माहीत आहे. जाळीतून परत यायचे ते सगळे माझ्या हातातून गेले. दात उडालेले, मधोमध चिरलेले. आणणारा मान खाली घालून यायचा. घाईने टेबल पुढे नेलं, तुटला. थांबून पुन्हा नेलं, तुटला. तुटायच्या सगळ्या तऱ्हा मला पाठ आहेत. न तुटायची एकच असते आणि ती जाळीतून दिसायची नाही.

७ ऑक्टोबर

भंगारवाला गल्लीतून गेला. रोज जातो, पण आज आमच्या दारासमोर जरा जास्त वेळ थांबला असं वाटलं. हिने त्याला पाणी दिलं! मी विचारलं, काय बोलत होतीस? "काय न्हाय. तानेलावता." मला काही तो एवढा तहानेला दिसला नाही.

९ ऑक्टोबर

आज ठरवून खोलीत गेलो. बटण दाबलं (बोटाने!). शालूबाईंनी रेडिओ आधीच बंद केला, मी सांगून ठेवलं होतं. हँडल फिरवलं. लोखंड कटरच्या जवळ जवळ जवळ गेलं — आणि मी मागे घेतलं. पुन्हा नेलं. पुन्हा मागे. कटर नुसता हवेत फिरतो आहे. ही दारात गवार मोडत बसली होती.

"आवं, कवापास्नं त्वांड उगडून बसलंय ते. घाला की एक घास!"

मी मशीन बंद केलं. उद्या खंडेनवमी. उद्या सकाळी करतो म्हटलं. ती गवार मोडत राहिली.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी म्हटलं, आधी फुलं आणावीत. झेंडू, नारळ, आंब्याचा टाळा. मंडईत ही गर्दी! मुद्दाम लांबचा फुलवाला गाठला. भाव केला. मला भाव करता येत नाही, तरी केला. परत येताना गल्लीच्या तोंडाशीच आवाज ऐकला. हवेत फिरतानाचा नाही. दुसरा. जाड, एकसारखा — तो मी सगळी नोकरी ऐकला आहे. लोखंड कापतानाचा.

झेंडू तिथेच सांडले. धावलो.

ईरप्पा दाराच्या चौकटीला टेकून उभा. तोंड उघडं. आणि ही! पदर खोचलेला, एक हात कमरेवर, दुसऱ्याने हँडल फिरवते आहे. घाई नाही, थांबणं नाही. जात्यावर बसल्यासारखी. कपचे कुरळे होऊन उडताहेत, तिच्या लुगड्यावर पडताहेत, तिचं लक्ष नाही. टेबल पार गेलं. तिने बटण बंद केलं.

"तू कसं काय —"

"तुमीच बांदून ठिवलंतं. रेघ तुमीच वडली. मी नुस्तं फिरवलं." मग जरा थांबून, "चालत्या यंत्राची पूजा करीन म्हटलंतं. तुमी फुलवाल्याकडनं कवा येनार, आन् मी नारळ कवा फोडनार?"

खाच बघितली. आरशासारखी. खडूच्या रेघेवर बरोबर.

मला आनंद झाला, मग राग आला, मग दोन्ही एकदम. खोली वाचली, मशीन वाचलं, पण खाच माझी नाही. पूजा झाली. नारळ हिने टेबलावरच फोडू नये म्हणून मध्ये हात घातला, पाणी माझ्या सदऱ्यावर. प्रसाद न खाता ओट्यावर जाऊन बसलो. सयाजीने विचारलं, "अण्णा, कोन गेलं काय?"

चार वाजता उठलो. आत गेलो. तुकडा उलटा करून पकडला, बटण दाबलं, हँडल धरलं. ही मागे येऊन उभी राहिली, पण हात नाही लावला. नेलं पुढे. लागला! कपचा उडाला! माझा! अर्ध्यापर्यंत सरळ गेलो. मग वाटलं, फार चांगलं चाललं आहे, काहीतरी चुकत असणार. थांबलो. पुन्हा नेलं. टक्!

कटर तुटला.

मी हातात दात उडालेला कटर घेऊन उभा. मान आपोआप खाली. ईरप्पा म्हणाला, "तुटला व्हय? आनू की दुसरा." आणि प्रसादाचं खोबरं तोंडात टाकलं. ही म्हणाली, "लागलं न्हाय न्हवं?"

नाही लागलं. एवढंच? एवढंच होतं ते?

जेवलो. तुटला हे दोन-चार जणांना स्वतःहून सांगितलं.

१२ ऑक्टोबर

भंगारवाला आला. हिने त्याला "फुडं व्हा" सांगितलं. ईरप्पाने तो तुकडा — एका बाजूला हिची खाच, दुसऱ्या बाजूला माझी अर्धी — खिशात घातला. चार लोकांना दाखवतो म्हणाला. हिची बाजू दाखव, म्हटलं.

२२ ऑक्टोबर

नवा कटर आला. माझ्या दोन खाचा झाल्या. एक सरळ, एक बरीचशी. ही दुपारचं काम आवरलं की येते, "सरा जरा" म्हणते, आणि फिरवते. मी कपचे झाडतो.

२५ ऑक्टोबर

हुपरीहून दोन पाहुणे आले. चांदीचे पैंजण करतात, त्यांना ठसे बसवायच्या लोखंडी पट्ट्यांत खाचा पाडून हव्या होत्या. ईरप्पाने पाठवलं म्हणे. मी सदरा सारखा करून पुढे झालो. ते माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाले, "मिलिंगवाल्या आक्का हायत न्हवं घरात?"

ती पदराला हात पुसत आली. पट्ट्या हातात घेऊन बघितल्या. "दिवाळीच्या आदी देती," म्हणाली. मला विचारलं नाही. ते गेल्यावर मला म्हणाली, "उद्यापास्नं भात तुमी लावा. मला येळ न्हाय व्हायचा."

भात! तांदूळ आधी धुतात की पाणी आधी तापवतात? पाणी तांदळाच्या वर किती? आणि उतू गेला तर?