शिकागोचा मुक्काम

ईडन प्रेरी,
११ मार्च २००७

ती. शोभनावन्संना,
सुलभाचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. प्रल्हादच्या हाताचं प्लास्टर निघालं, आता घास स्वतःच्या हातानं घेतो. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला बसले आहे. मध्येच उठते, ओटा पुसते, परत बसते.

इथं एक नवा नियम येऊ घातलाय. ट्रक किती तास चालला, ते गाडीतलं यंत्रच नोंदवणार. सक्ती पुन्हापुन्हा नियम मोडणाऱ्या कंपन्यांनाच. प्रल्हाद म्हणाला, "आपला एवढासा ट्रक, एक ड्रायव्हर. आपल्याला कशाला?" दुरुस्त होऊन आलेल्या ट्रकमध्ये मंगळवारी मी ते बसवून घेतलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

वन्सं, फोनवर मी तुम्हाला बर्फावरून गाडी घसरली म्हणून सांगितलं. रस्ता कोरडा होता. दुपारचे चार वाजले होते. त्याला झोप लागली आणि ट्रक खड्ड्यात गेला.

पहाटे तीनला निघून, शिकागोला किराणा भरून तो त्याच दिवशी परत यायचा. मध्ये दहा तास विश्रांती घेतल्याशिवाय अकरा तासांवर चालवायची परवानगी नाही, म्हणून तासांच्या नोंदवहीत, लॉगबुकात, 'शिकागोत मुक्काम' लिहायचो. लिहायचो म्हणजे मीच. दोन वर्षं, दर गुरुवारी. दुकानदारांना शुक्रवारी सकाळी माल हवा असायचा.

त्या दिवशी बूट चढवताना तो भिंतीला टेकून उभा होता, डोळे मिटलेले. मला दिसलं. मी म्हणाले, "लॉग भरून ठेवलाय."

हॉस्पिटलात इन्स्पेक्टरनं वही दाखवून विचारलं, हे कुणी लिहिलं? प्रल्हाद म्हणाला, "मीच." मी शेजारी उभी होते, गप्प.

सोमवारी त्या इन्स्पेक्टरच्या ऑफिसात जाऊन खरं सांगून आले. आता चौकशी होईल, तोवर ट्रक दारात उभा आहे. लायसन्स राहील की नाही, माहीत नाही. प्रल्हादचं म्हणणं, सांगायची गरज नव्हती.

आत्ता तो मागं येऊन उभा राहिला. "ताईला लिहितेस? काय?"

"झालं ते."

मग खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "लिही. मलाही शिकागोत थांबायचं नव्हतं, तेही लिही."

आईवेगळ्या भावाला तुम्ही वाढवलंत. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, पण फोन करा.

त्या पहाटे त्याला दारात न अडवलेली,
सुलभा