आईचा एक्सरे

कामतघर, भिवंडी
११ जानेवारी १९८९

प्रिय शरू,

तुझं पत्र शनिवारी आलं. वारा पडेपर्यंत फुगा सोडता येत नाही, त्यामुळे संक्रांतीलाही भिवंडीला येणं जमणार नाही, असं लिहिलंयस. शाळेतून आल्या आल्या आईला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. वाऱ्यावर का कुणाची सत्ता असते, एवढंच म्हणाली, आणि निवडलेली भाजी कचऱ्यात टाकून देठं टोपलीत ठेवली. पानं मी नंतर गुपचूप वेचून घेतली.

तुझ्या बायकोचं मात्र तिला फार कौतुक हं. हिमालय अजून वर चढतोय आणि जमिनीतल्या कुठल्या फॉल्टवरून, म्हणजे भेगेवरून, किती सरकतो ते सरोजिनी मोजते, असं तू लिहिलं होतंस ना! आपल्या गावात फॉल्ट म्हणजे एक तर लूमवरच्या कापडातला, नाहीतर लाइट गेली की तारेतला. आईने चाळभर सांगितलं, माझी सून डोंगराचे फॉल्ट काढते, सासूचे काढायला तिला फुरसतच नाही, सुटले बाई मी! अजूनही सांगते आणि स्वतःच हसते. हल्ली हसली की खोकल्याची उबळ येते, मग पाठ चोळत बसावं लागतं.

आणि तुझं एक्सरेचं तर विचारूच नकोस. लग्नानंतर जोडीने आलात तेव्हा तू स्वयंपाकघरात तिच्यासमोर पाटावर बसून समजावलं होतंस, की काही तारे एक्सरे सोडतात, पण आपली हवा ते वाटेतच अडवते, म्हणून यंत्र फुग्याला बांधून पार वर न्यायचं आणि तिथे मोजायचं. तिने त्यातलं एवढंच धरलं, की शरू एक्सरेवाला. त्याच आठवड्यात कोन गावची गोदूबाई तिच्या पोराच्या, नवशाच्या छातीची फिल्म घेऊन दारात हजर. लूमवर काम करून पोरगा नुसता खोकत होता. मी तो डॉक्टर नव्हे, असं तू किती विनवून सांगितलंस! पण ती ऐकते होय? आभालातला दिसतंय तं माजे पोराचे छातीतला कसा न्हाय दिसनार, म्हणाली. शेवटी तू फिल्म खिडकीशी धरलीस, गंभीर चेहरा केलास आणि त्याला टीबीच्या दवाखान्यात धाडलंस. औषधं घेऊन तो बरा झाला. झालं! कोनपासून अंबाडीपर्यंत तुझं नाव झालं. आपण दोघं तेव्हा पोट धरधरून हसलो होतो.

आता मला त्याचं हसू येत नाही. दिवाळीआधी आईचा एक्सरे काढला, हे तुला कळवलं होतं. तपासून घ्यायला ती एकटीच गेली आणि परत आली ती फिल्म छातीशी धरून. डॉक्टर काय म्हणाले असं विचारलं, तर म्हणे शरू येईल, तो बघेल, मग ठरवू. पोस्टाने पाठव म्हणून तू लिहिलंस, तर म्हणे पोस्टात घडी पडेल. तिला समजाव, असं तू मला वैतागून लिहिलंस. अरे बाबा, मी काय कमी समजावलं? चिडले, रडले, भांडी आपटली. फिल्म कपाटात तिच्या चांगल्या साड्यांखाली सपाट ठेवलेली. मला हात लावू देत नाही. पोस्टमन दिसला की साडी सारखी करून दारात उभी.

शनिवारी तुझं पत्र वाचून झाल्यावर मात्र माझा तोल सुटला. म्हटलं, आई, तो ताऱ्यांचे एक्सरे मोजतो, माणसांचे नाही! त्याला तुझ्या छातीतलं ओ की ठो कळणार नाही. किती दिवस त्याच्या नावावर बसून राहणार आहेस? तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, मला ठाऊक नाही का गं ते? मी काय खुळी आहे? डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलंय, दोन्हीकडे पसरलंय, आता करण्यासारखं काही राहिलं नाही. नुसतं ये म्हटलं तर त्याला वारा असतो, फुगा असतो. त्याच्या कामातलं काही काढलं, तर येईल, असं वाटलं.

शरू, हे तुला कळवायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली आहे. ती मोडून हे लिहितेय. सोमवारी मी स्वतः डॉक्टरांना भेटून आले. होळी दिसली तर दिसली, म्हणाले. तुझं काम मोठं आहे, मला कळतं रे, पण आता ये. आणि मी लिहिलंय हे तिला कळू देऊ नकोस. तू चहा घेतलास की ती साड्यांखालून फिल्म काढेल आणि तुझ्या हातात देईल. खिडकीशी धर. आणि बघायला वेळ लाव.

तुझीच,
मोदाताई